शिवण

शनिवारी दुपारी वीज गेलेली.
खानापुरात, स्टेशन रोडच्या माझ्या दुकानात
मी कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होते.
टबू शाळेतून आली, दप्तर पाठीवर नाही,
कमरेखाली लोंबतं सोडलेलं,
आणि उंबऱ्यातच उभी राहिली.
"आई, बसू का?"

विचारून कधी बसली होती ती?

मी शटर अर्धं ओढलं.
मेडिकलवाल्या पोराने पाकीट पेपरात गुंडाळलं,
वर काळी पिशवी, पिशवीला गाठ.
पिशवी त्याच्याच काउंटरवर सोडून आले.
पाकीट हातात धरून रस्ता ओलांडला,
कौलांची लॉरी जाईपर्यंत मध्येच थांबले.

शेजारच्या फुलवाल्या गंगव्वाला सांगावं लागलं नाही.
"मुट्टू?" म्हणाली, हसली,
आणि संध्याकाळी तिळाची चिगळी घेऊन आली, केळीच्या पानात.
टबूच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली,
मग जाता जाता, मायेनंच,
"पाच दिवस कशाला शिवायचं नाही हं, पोरी."

टबू कानडी शाळेत शिकते, घरात मराठी.
चिगळी चघळत म्हणाली,
"मुट्टू म्हणजे हे, आणि मुट्टू म्हणजे हात लावणं पण.
आणि आपल्यात शिवणं म्हणजे हात लावणं,
आणि शिवणं म्हणजे तुझं मशीन.
मग तू तर रोजच शिवतेस."

मला माझ्या आईने काही सांगितलंच नव्हतं.
ती गावोगाव बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची,
नंदगडपासून पार हल्याळच्या वाटेपर्यंत,
आणि घरात पोरीसमोर तोंड शिवलेलं.
मार्काचा पाचवा अध्याय उघडला, बोट ठेवलं,
"वाच," म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला गेली.
मी वाचलं: बारा वर्षं रक्तस्राव. वैद्य. पैसा संपला.
गर्दी, आणि मागून येऊन वस्त्राला लावलेला हात.
मला एवढंच कळलं की हे बारा वर्षं थांबत नाही.
रात्रभर रडले.

म्हणून टबूला मी बोटं मोजून सांगितलं,
किती दिवस, किती वेळा बदलायचं,
पोटाला गरम पाण्याची बाटली,
आणि कुणी नको तिथे हात लावला तर
ओरडायचं, मग तो काका असो, मास्तर असो, चर्चमधला असो.
"पप्पांना सांगणार?"
सांगेन. मडगावहून फोन आला की सांगेन,
ताप उतरला सांगतात तसं.
"आणि बाळ कसं होतं ते?"
ते उद्या, म्हटलं. भात करपत होता.
खरं तर भात चुलीवर चढलाच नव्हता.

या महिन्यात प्रभुभोजनाच्या मेजावरची चादर
धुवायची पाळी माझी.
खळ घालून, इस्त्री करून खाटेवर पसरली होती,
पांढरी, मधोमध पांढऱ्याच रेशमाचा क्रूस.
टबूने हात पुढे केला
आणि माझ्या तोंडून निघालं, "शिवू नको!"

माझा आवाज नव्हता तो.
माझ्या आत्याचा होता, तिच्या आत्याचा,
आम्ही बाप्तिस्मा घेण्याआधीच्या कुठल्या तरी
परसातल्या कोपऱ्यातून आलेला.
पाच पिढ्या देवळात जायचं सोडलं,
तो मात्र कुठे तरी अस्तरात राहून गेला होता.

टबूने हात मागे घेतला नाही. नुसती बघत राहिली.
"कुठलं शिवू नको?"

मी बराच वेळ काही बोलले नाही.
मग चादरीचा डावा कोपरा उलटा केला,
सुईत दोरा ओवून दिला.
"इथे उसवलंय बघ. शिव."

सात टाके घातले तिने, सातही वाकडे.
रविवारी पाळक साहेबांनी प्याला उचलला तेव्हा
आम्ही दोघी त्या कोपऱ्याकडे बघत होतो,
आणि तिला हसू आवरेना, मी चिमटा काढला.

आता तिचा पांढरा झगा काढायचा आहे.
दरवर्षी काठाची दुमड सोडत आले,
जुन्या घड्यांच्या रेघा दिसतात, एकीखाली एक.
काल उलटा करून पाहिला.
आत कापड उरलेलं नाही.